मिरवणूक संपते, कान वाजतच राहतो

राज्य सरकारने जुलै २०२५ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. उत्सव मोठा झाला, पण त्याभोवतीची चर्चा जुनीच राहिली. डीजे वाजणार की नाही, किती वाजेपर्यंत परवानगी, कोणत्या चौकात किती डेसिबल. बुलढाणा, खामगाव, चिखली, मलकापूर, कुठेही जा, विसर्जनाआधी शांतता समितीची बैठक होते, मंडळांना नोटिसा जातात, मिरवणूक निघते आणि दुसऱ्या दिवशी विषय संपतो. लग्नसराई आली की तोच आवाज गावोगावी फिरतो, तेव्हा तर बैठकही नसते.

काहींसाठी मात्र विषय दुसऱ्या दिवशी सुरू होतो. सकाळी उठल्यावर कानात बारीक शिट्टी ऐकू येते. कुणाला रातकिडे किरकिरल्यासारखे वाटते, कुणाला कुकरची वाफ सुटल्यासारखे. बहुतेकांचे एक-दोन दिवसांत थांबते. काहींचे थांबत नाही. बाहेर कुठलाही आवाज नसताना कानात किंवा डोक्यात आवाज येत राहणे याला वैद्यकीय भाषेत टिनिटस आणि आयुर्वेदात कर्णनाद म्हणतात. त्याच्या जोडीला अनेकांना आणखी एक त्रास जडतो. भांडे पडल्याचा, हॉर्नचा, मिक्सरचा, लहान मुलाच्या किंचाळण्याचा साधा आवाजही असह्य होतो. याला हायपरॲक्युसिस, म्हणजे आवाजाची अतिसंवेदनशीलता म्हणतात. दोन्ही त्रास दिसत नाहीत, तपासणीत सहज सापडत नाहीत आणि घरच्यांना पटत नाहीत.

दिसणारा आजार आणि न दिसणारा आजार

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. काही दिवसांत टक्कल पडत असल्याची छायाचित्रे देशभर गेली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पथकासह तज्ज्ञ गावांत पोहोचले, पाण्याचे, धान्याचे, रक्ताचे नमुने घेतले गेले, सेलेनियमवर चर्चा झाली. यंत्रणा हलली, कारण आजार डोक्यावर दिसत होता.

कर्णनादाचे तसे नाही. २०२२ मध्ये ‘जामा न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात जगभरातील अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार प्रौढांपैकी सुमारे १४ टक्के लोकांना कर्णनाद अनुभवाला येतो आणि सुमारे २ टक्क्यांना तो तीव्र स्वरूपात असतो. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २६ लाख होती. त्यातले १५ लाख प्रौढ धरले आणि जगाचे प्रमाण इथे लावून पाहिले, तर दोन लाखांवर लोकांना हा आवाज कधी ना कधी ऐकू येतो आणि तीस हजारांच्या घरात लोकांचे रोजचे जगणे त्याने अवघड केले आहे, असा ढोबळ हिशेब निघतो. ही जिल्ह्याची मोजणी नव्हे, फक्त अंदाज आहे. पण प्रश्न चार-दोन हळव्या माणसांचा नाही, एवढे त्यातून कळते.

कान का वाजतो?

आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा वळलेला एक भाग असतो. त्यात प्रत्येक बाजूला साधारण १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. बाहेरच्या आवाजाने त्या हलतात, त्या हालचालीचे विद्युत संदेश होतात आणि मज्जातंतूवाटे मेंदूकडे जातात. मोठ्या आवाजाने या पेशी पिकात जनावर शिरावे तशा आडव्या होतात. आवाज थोडा वेळ असेल तर पुन्हा उभ्या राहतात. आवाज फार मोठा किंवा फार वेळ असेल तर मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

त्या पेशींकडून येणारा संदेश कमी झाला की मेंदू स्वस्थ बसत नाही. रेडिओचे स्टेशन नीट लागत नसले की आपण आवाजाचे बटण वाढवतो आणि स्टेशनऐवजी खरखरच मोठी ऐकू येते. मेंदू जवळपास तेच करतो. हरवलेला सूर शोधण्यासाठी तो आपली संवेदनशीलता वाढवतो आणि त्या वाढीत त्याला स्वतःच्याच चेतापेशींची खळबळ ऐकू येऊ लागते. तो कर्णनाद. हेच वाढलेले बटण बाहेरचे साधे आवाजही मोठे करून दाखवते, म्हणून अतिसंवेदनशीलता अनेकदा त्याच्या सोबतीने येते.

यावरून दोन गैरसमज दूर व्हावेत. पहिला, ‘ऑडिओग्राम नॉर्मल आहे, म्हणजे काही झालेले नाही.’ बोस्टनमधील शास्त्रज्ञ शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ मध्ये उंदरांवर दाखवून दिले की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची चाचणी पूर्ववत होते, केसपेशीही जिवंत दिसतात, तरी त्यांना मज्जातंतूशी जोडणारे अनेक सांधे कायमचे तुटलेले असतात. माणसातही असे होत असावे, असे मानायला आधार आहे. तेव्हा चाचणी चांगली आली म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. दुसरा गैरसमज, ‘कानात आवाज म्हणजे डोके फिरल्याचे लक्षण.’ १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या अमेरिकी संशोधकांनी चांगले ऐकू येणाऱ्या ८० जणांना पूर्ण ध्वनिबंद खोलीत बसवले. त्यातल्या ९४ टक्के लोकांना कुठला ना कुठला आवाज ऐकू आला. पूर्ण शांततेत जवळपास प्रत्येक मेंदू काहीतरी ऐकतो. पुढे उपचारात या गोष्टीचा उपयोग होतो.

हिशेब डेसिबलचा

डेसिबलचे गणित सरळ नसते. ३ डेसिबल वाढले की कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबलचा ४ तास, १०० डेसिबलचा जेमतेम २० मिनिटे. डीजेच्या भिंतीसमोर आवाज १०० डेसिबलच्या वर सहज जातो. १००च धरला आणि एखादा मुलगा सहा तास तिथे नाचला, तर अठरा आठवड्यांचा कोटा त्याने एका रात्रीत संपवला. दिवाळीतला सुतळी बॉम्ब कानाजवळ फुटला तर तेवढाही वेळ लागत नाही.

दोष फक्त डीजेचा नाही. जिल्ह्यात सोयाबीन निघाले की मळणी यंत्रे दिवसरात्र चालतात. कॅबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर चालकाच्या कानाशी आवाज अनेकदा ९० डेसिबलच्या आसपास असतो. खामगाव, मलकापूर भागात कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगमधले मजूर पाळी पाळीने त्या घरघरीत उभे राहतात. पिठाची गिरणी, वेल्डिंगचे दुकान, बँड पथक हेही त्याच यादीत येतात. आणि खिशात मोबाइल, कानात इअरफोन तर सगळ्यांच्याच. ध्वनिक्षेपकांवरून वाद होतात, पण ट्रॅक्टर आणि इअरफोनबद्दल कुणी बोलत नाही, कारण त्यात भांडायला दुसरा पक्षच नसतो.

नियम कुणासाठी आहेत?

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, तर शांतता क्षेत्रात ५० आणि ४० डेसिबल ही मर्यादा आहे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यातले जे कमी असेल त्यापुढे जाता कामा नये. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ च्या निकालात शांततेने जगणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे स्पष्ट केले आणि तक्रारदाराची ओळख उघड न करता पोलिसांनी कारवाई करावी, आधी समज, मग दंड, मग जप्ती, असा क्रम सांगितला. गावात शेजाऱ्याविरुद्ध बोलणे किती कठीण असते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या निर्देशाचे मोल कळेल.

मात्र या नियमांत दोन फटी आहेत. पहिली फट शांतता क्षेत्राची. पूर्वी रुग्णालये, शाळा आणि न्यायालयांभोवतीचे १०० मीटर आपोआप शांतता क्षेत्र मानले जात. ऑगस्ट २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने अधिसूचित केल्याशिवाय कोणतीही जागा शांतता क्षेत्र ठरत नाही. त्यामुळे आपल्या गावातले ग्रामीण रुग्णालय त्या यादीत आहे का, हे विचारून घेणे आता नागरिकांनाच भाग आहे.

दुसरी फट अधिक खोल आहे. हे नियम हद्दीवर मोजतात. म्हणजे ते शेजारच्या घरातल्या आजोबांसाठी आहेत. त्यांना रास्त संरक्षण हवेच. पण स्पीकरसमोर नाचणारी पंधरा वर्षांची मुले, डीजेच्या गाडीवर बसलेला ऑपरेटर, ढोल-ताशातले वादक आणि बंदोबस्तावर आठ तास उभा असलेला पोलीस शिपाई यांच्या कानाशी किती आवाज आहे, हे कुणी मोजत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या ठिकाणांसाठी मानक दिले. सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा, आवाजाची सतत नोंद, प्रेक्षकांना कानाची संरक्षक साधने आणि शांत बसण्याची जागा, अशी त्यात अपेक्षा आहे. आपल्याकडच्या परवानगीच्या अर्जात यातले काहीच विचारले जात नाही.

कामाच्या ठिकाणीही असेच. कारखान्यांसाठीच्या कायद्यात आवाजाने येणारा बहिरेपणा हा कळवणे बंधनकारक असलेला व्यवसायजन्य आजार आहे. नोंदणीकृत कारखान्यातल्या कामगाराला निदान कागदावर आधार आहे. शेतातल्या ट्रॅक्टरचालकाला आणि मळणी यंत्रावरच्या मजुराला तोही नाही. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्रही श्रवणदोष किती डेसिबलचा यावर मिळते. दोन्ही कानांत ६० डेसिबलपासून पुढे. कान रात्रंदिवस वाजतो, झोप नाही, पण ऐकू येते, असा माणूस कुठल्याच रकान्यात बसत नाही.

भक्ती आणि आवाज यांचा संबंध अटळ आहे, असेही नाही. शेगावहून पंढरपूरला पायी जाणारी श्री गजानन महाराजांची पालखी याच जिल्ह्यातून निघते. टाळ, मृदंग, वीणा आणि पावलांची शिस्त यांवर ती शेकडो किलोमीटर चालते. टाळही कानाजवळ मोठाच वाजतो, पण तो माणसाच्या हाताने वाजतो, थकतो, थांबतो आणि घराच्या काचा हलवत नाही.

ज्यांचा कान आधीच वाजतो त्यांनी काय करावे?

कर्णनाद मुळापासून बंद करणारी कोणतीही मान्यताप्राप्त गोळी आज उपलब्ध नाही. त्याचा त्रास मात्र कमी करता येतो. आवाज तोच राहिला तरी मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो, घड्याळाची टिकटिक आपण विसरतो तसा. हे शिकणे शक्य व्हावे म्हणून पुढील गोष्टी उपयोगी पडतात.

रात्री पूर्ण शांतता टाळा. शांततेत कर्णनाद सर्वात मोठा वाटतो. पंख्याची घरघर, रेडिओवर हळू लावलेले भजन, मोबाइलवरचा पावसाचा आवाज, यातले काहीही चालेल. तो कर्णनाद बुडवून टाकणारा नको, त्याच्या जरा खाली किंवा बरोबरीचा हवा. पूर्ण बुडवला तर मेंदूला सवय लागत नाही.

कानात बोळे घालून दिवसभर वावरू नका. हा सल्ला उलटा वाटेल, पण अतिसंवेदनशीलतेत सर्वाधिक चूक इथेच होते. सगळे आवाज बंद केले की मेंदू बटण आणखी वाढवतो आणि काही आठवड्यांनी चमचा पडल्याचा आवाजही सोसवत नाही. संरक्षण हवे ते खरोखर मोठ्या आवाजात, म्हणजे मिरवणूक, फटाके, मळणी, जिनिंग इथे. औषध दुकानात मिळणारे फोमचे इअरप्लग नीट पिळून आत बसवले तर १५ ते २० डेसिबल सहज कमी करतात. कापसाचा बोळा तेवढे काम करत नाही. घरातले बोलणे, मिक्सर, रस्त्यावरची वर्दळ हे मात्र हळूहळू, थोडे थोडे वाढवत सोसायला शिकायचे असते.

अंतर हे फुकटचे औषध आहे. मोकळ्या जागी अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. लग्नात बँड किंवा स्पीकरच्या बाजूची पंगत सोडून दुसऱ्या टोकाला बसावे. एसटीत इंजिनापासून दूरचे आसन घ्यावे. वरातीत जाणे टाळता येत नसेल तर स्पीकरच्या मागच्या बाजूला राहावे आणि दर अर्ध्या तासाला दहा मिनिटे बाजूला व्हावे. कोणत्या तासाला आवाज होणार हे आधी माहीत असले तर त्रास कमी होतो. म्हणून शेजारच्या कार्यक्रमाची वेळ विचारून घेण्यात लाजण्यासारखे काही नाही.

घरच्यांना सांगा. ‘आई, तुला सगळ्याचाच त्रास होतो’ असे म्हणणारा मुलगा दुष्ट नसतो, त्याला तो आवाज ऐकू येत नसतो. स्टीलची भांडी आपटून न ठेवणे, टीव्हीचा आवाज ठरवून घेणे, पाठीमागून मोठ्याने हाक न मारणे, एवढे घराने केले तरी फरक पडतो. सुनेला, सासूला, नवऱ्याला डॉक्टरांकडे सोबत न्यावे. दुसऱ्या कुणी समजावून सांगितले की घरात जास्त पटते.

ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र घ्या. बाहेरचे आवाज नीट पोहोचले की मेंदूला बटण वाढवण्याची गरज उरत नाही आणि अनेकांचा कर्णनाद मागे पडतो. वयाची लाज बाळगून हे टाळणारे स्वतःचाच त्रास वाढवतात.

झोप आणि मन यांकडे लक्ष द्या. कर्णनादावरील उपचारांत सर्वात भक्कम पुरावा संज्ञानात्मक वर्तन उपचार या समुपदेशनाच्या पद्धतीला आहे. ती आवाज बंद करत नाही, पण त्या आवाजाची भीती आणि त्यातून येणारी जागरणे कमी करते. आपल्या भागात असा तज्ज्ञ जवळ नसेल तर सरकारची टेली मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. ‘हे सहन होत नाही, जगावेसे वाटत नाही’ असा विचार मनात येत असेल, तर त्याच दिवशी हा फोन करावा किंवा रुग्णालय गाठावे.

डॉक्टरांकडे तातडीने केव्हा?

एका कानाने अचानक, तास-दोन तासांत किंवा रात्रीतून ऐकू येईनासे झाले, तर ती कानाची आणीबाणी आहे. पहिल्या काही दिवसांत स्टिरॉइड उपचार मिळाले तर ऐकू येणे परतण्याची संधी असते. दोन आठवडे उलटले की ती घटत जाते. ‘सर्दी असेल, उतरेल’ म्हणून थांबू नये. आवाज फक्त एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, सोबत चक्कर, कानातून स्राव किंवा चेहऱ्याचा वाकडेपणा असेल, तरीही कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे लवकर जावे.

बाकीच्यांसाठी पहिली तपासणी साधी असते. कानात मळ घट्ट बसला आहे का, पडद्याला छिद्र आहे का, रक्तदाब, रक्तातील लोह आणि थायरॉइड कसे आहे, हे पाहिले जाते. घेत असलेल्या सगळ्या औषधांची चिठ्ठी सोबत न्यावी. जास्त मात्रेतील ॲस्पिरिन, अमिकासिन किंवा जेंटामायसिनसारखी इंजेक्शने, सिस्प्लॅटिन हे कर्करोगावरील औषध आणि लघवी वाढवणारी काही औषधे कानावर परिणाम करू शकतात. ती स्वतःहून बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावे.

कानात गरम तेल, लसणाची फोडणी, काडी किंवा पिन घालू नये. गिंको बिलोबाच्या महागड्या गोळ्यांचा कर्णनादावर उपयोग दिसलेला नाही. ‘बहिरेपणा शंभर टक्के बरा’ अशी जाहिरात करणे हा औषधे आणि जादुई उपाय अधिनियम, १९५४ नुसार गुन्हा आहे. त्या जाहिरातीसाठी शेतकऱ्याचे पाच-दहा हजार जाऊ नयेत.

जिल्ह्याला काय करता येईल?

बधिरता प्रतिबंध आणि नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ पासून देशात आहे. बुलढाण्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला मान्यता मिळाली. मधुमेह, रक्तदाबाच्या तपासणीसाठी आरोग्य कर्मचारी घरोघर जातातच. त्या यादीत ‘कान वाजतो का, मोठ्या आवाजात काम करता का’ असे दोन प्रश्न घातले, तर जिल्ह्याला स्वतःचा आकडा मिळेल आणि वर मांडलेल्या अंदाजाची गरज उरणार नाही. बंदोबस्तावरच्या पोलिसाला आणि ढोल पथकातल्या प्रत्येक मुलाला इअरप्लगची जोडी देणे हा वडापावच्या किमतीचा खर्च आहे. मंडळांना परवानगी देताना स्पीकरसमोर किती अंतर मोकळे ठेवणार, हे लिहून घ्यायला कुठल्याही नव्या कायद्याची गरज नाही.

शेगाव तालुक्यात केस गळाले तेव्हा यंत्रणा काही दिवसांत गावात पोहोचली. ज्यांचे केस गेले त्यांच्यापैकी अनेकांचे ते पुन्हा उगवू लागले. कानातल्या केसपेशी मात्र उगवत नाहीत. म्हणून इथे धावून जाण्याची वेळ मिरवणुकीच्या आधीची आहे, आणि ज्यांच्यासाठी ती निघून गेली आहे त्यांना घरात, गावात आणि रुग्णालयात त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवणारे कुणी हवे आहे.